बांधावरची राखण कोर्टात कशी गेली

गोवा फाउंडेशन म्हटले की लोकांना आधी खटले आठवतात. १९८६ साली म्हापशात सुरू झालेली ही संस्था निसर्ग राखायला कोर्टाची पायरी का चढत राहिली, हे कळायला खाजनाच्या बांधावर जावे लागते.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली जमीन. बांधात मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची झडप, बसवलेली असते. भरतीचे पाणी रेटू लागले की तिची लाकडी दारे आपसूक मिटतात आणि ओहोटीला आतले पाणीच ती ढकलून उघडते. त्या भरवशावर आत कोरगूट हा खाऱ्या जमिनीतला भात पिकतो, मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. पण कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, बांधाला भोक पाडले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. म्हणून राखण गावाची, म्हणजे गावकारीची, गावकारांच्या सामाईक संस्थेची. पोर्तुगीजांनीसुद्धा १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारांचे हक्क नोंदवून ठेवले.

गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती आली. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले. बांधांची जबाबदारी मात्र कूळ संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती कुणाचीच उरली नाही. फुटलेले बांध तसेच राहिले, शेतात खारफुटी वाढली.

तिकडे डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खाणींच्या मातीचे ढीग पावसाबरोबर ओहोळांत आणि भातशेतीत उतरत होते. एकट्या गावाच्या आवाक्यातले हे दुखणे नव्हते. फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ च्या निकालात खाणींचे भाडेपट्टे २००७ मध्येच संपल्याचे ठरले आणि खाणकामावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ पट्टेही रद्द झाले. ट्रकवाल्यांच्या घरांनी यात फार सोसले. पर्यावरणाची बाजू घेणाऱ्यांनीही ते मान्य करायलाच हवे.

सत्तरीतले म्हादई अभयारण्य १९९९ चे. तिथल्या जंगलासह व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा, असा आदेश जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दिला. याचिका पुन्हा फाउंडेशनचीच होती. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.