अजिंठ्यावरची लाख

अजिंठ्याला जाऊन आलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. पुस्तकात चित्रं किती उजळ दिसतात, आणि प्रत्यक्षात बघावं तर सगळं तपकिरी, काळपट. मागोमाग प्रश्न येतोच, ‘पुरातत्त्ववाले करतात तरी काय?’ उत्तर जरा अडचणीचं आहे. त्या काळपटपणातला बराचसा भाग चित्रं वाचवायला निघालेल्या लोकांनीच आणून ठेवलेला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं आधीच्यांनी केलेली मदत भिंतीवरून उतरवण्यात गेली आहेत.

वाघूर नदीच्या घळीतली ही लेणी १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडली. शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर, रंगवलेल्या आकृतीच्या अंगावरच, आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. ते कोरीव काम आज डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण त्या वेळी लेण्यात मातीचा आणि राडारोड्याचा ढीग होता आणि साहेब त्या ढिगावर उभे होते. हे नुकसान सरळ आहे, डोळ्यांना दिसणारं. पुढचं नुकसान तसं नाही, ते चित्रांवरच्या प्रेमातून झालं.

लष्करातला अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल याने १८४४ पासून पुढची जवळजवळ २० वर्षं चित्रांच्या मोठ्या प्रती काढल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या; १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्यात राबले. त्यांच्याही बऱ्याच प्रती पुढे लंडनमध्येच आगीत गेल्या. नक्कल करताना रंग नीट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांनी मूळ चित्रांवर व्हार्निश लावलं होतं. प्रत गेली आणि व्हार्निश मात्र भिंतीवर राहिलं, असा हा व्यवहार झाला.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ साली निघालं आणि गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. त्यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन जाणकारांना बोलावण्यात आलं. त्यांनी भिंतीपासून सुटत आलेला गिलावा पुन्हा बसवला. हे काम मोलाचं होतं. ते झालं नसतं तर आज काही भिंतींवर बघायला काही उरलंच नसतं, त्यामुळे त्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. पण रंग पक्का राहावा आणि उजळ दिसावा म्हणून चित्रांवर लाखेचा थरही चढवला गेला, आणि तिथेच पुढच्या पिढ्यांच्या डोक्याला ताप झाला.

लाख आपल्याकडची जुनीच वस्तू. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बसणारे बारीक किडे ती तयार करतात. ती शुद्ध करून चपडा होतो, तो स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार पॉलिश करतात. आजोबांच्या कपाटाचं पॉलिश जसं वर्षागणिक काळवंडत, तडकत जातं, तसंच भिंतीवर झालं. लाख हे ठरावीक प्रकारच्या आम्लांचे रेणू एकमेकांत गुंतून बनलेलं राळेसारखं द्रव्य आहे. ताजी असताना ती अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. काळ जातो तसे तिचे रेणू आपसांत आणखी जोडले जातात, जाळं घट्ट होतं आणि मग तेच अल्कोहोल तिला दाद देत नाही. रंग पिवळ्यावरून तपकिरीकडे सरकतो. थर आक्रसतो आणि आक्रसताना खालच्या रंगाच्या पापुद्र्याला कडेने वर उचलतो. शिवाय भिंतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या बाष्पाची वाट अडते. लेण्यांत राहिलेल्या साधू-बैराग्यांच्या चुलींची काजळी, वटवाघळांची घाण आणि धूळ हे सगळं याच थरांत अडकलं.

हे सगळं नेमकं कशावर लावलं गेलं होतं, हे कळायला एक प्रयोगशाळा लागली. पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना १८६१ ची, अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यापासूनची. सुरुवातीला काम होतं शोध, मोजमाप आणि नोंदी यांचं. जॉन मार्शल महासंचालक असताना, १९१७ मध्ये, मोहम्मद सनाउल्ला यांची पुरातत्त्व-रसायनज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि खात्यात विज्ञान शाखेचं बीज पडलं. या शाखेचं मुख्यालय आज डेहराडूनला आहे. खोदकामात मडकं सापडलं की बातमी होते. त्या मडक्यावरचे क्षार काढणाऱ्या माणसाची होत नाही, म्हणून ही शाखा फारशी कुणाच्या कानावर नसते.

अजिंठ्याच्या चित्रांना आजही सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटलं जातं. मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयातले रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात अजिंठ्याच्या गिलाव्याचं पृथक्करण करून दाखवलं की ही फ्रेस्को नाहीत. फ्रेस्कोमध्ये ओल्या चुन्यावर रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होताना रंगाचे कण आपल्यात धरून ठेवतो, म्हणजे रंग भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्यात तसं नाही. इथे रंग कोरड्या पृष्ठभागावर, डिंक किंवा सरस अशा चिकट द्रव्यात कालवून लावला आहे. फरक पुस्तकी वाटेल, पण सगळं पुढचं काम त्यावर ठरतं. फ्रेस्को काही प्रमाणात पाणी सोसतो. अजिंठ्याच्या भिंतीला पाणी लावलं तर रंग धरून ठेवणारा सरसही फुगतो आणि खालची मातीही.

हो, माती. इथल्या गिलाव्यात मुख्य घटक चिखलच आहे. झिजलेल्या बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची माती, तिच्यात भाताचं तूस, गवत, काड्या-धागे. आधी जाडाभरडा थर, त्यावर बारीक थर, मग चुन्याचा पातळसा हात आणि त्यावर चित्र. बेसाल्टपासून झालेल्या मातीत पाणी पिऊन फुगणारी खनिजं असतात. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात, तेच या भिंतीत बारीक प्रमाणात दरवर्षी घडतं.

रंग मात्र चिवट आहेत. लाल आणि पिवळा म्हणजे गेरू आणि पिवडी, दोन्ही लोहाच्या संयुगांमुळे रंग आलेल्या माती. काळा काजळीचा. हिरवा रंग ज्या हिरव्या मातीपासून केला, तिचं खनिज याच बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडतं, म्हणजे ती जवळची. निळा तेवढा परका: लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानच्या बदख्शान भागातला. तो वाकाटक काळातल्या, इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत दिसतो, नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या सर्वांत जुन्या चित्रांत नाही. दगडी खनिजांचे हे रंग उजेडाने सहजासहजी विटत नाहीत. लाखेच्या थराखाली ते बरेचसे शाबूत आहेत, याच भरवशावर सफाईचा घाट घालता येतो.

ती सफाई जवळून बघण्यासारखी असते. आधी चित्राचे साध्या, तिरप्या आणि अतिनील प्रकाशात फोटो घेतले जातात. तिरप्या प्रकाशात सुटलेले पापुद्रे सावली टाकतात. अतिनील प्रकाशात लाख नारिंगी झळाळते, त्यामुळे थर कुठे आहे, कुठे जाड आणि कुठे नाहीच, याचा नकाशा मिळतो. मग भिंतीच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर चाचणी. सर्वांत सौम्य द्रावकापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी वर जायचं. काडीला गुंडाळलेला कापूस द्रावकात भिजवून, जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपून, तो चित्रावरून लाटायचा; घासायचा नाही. कापूस तपकिरी झाला की फेकायचा, दुसरा घ्यायचा. कापसावर तपकिरीऐवजी लाल किंवा हिरवा रंग दिसला की हात तिथेच थांबतो, कारण ते चित्र आहे. जिथे पापुद्रा हलतोय तिथे पातळ जपानी कागद लावून आधी तो खाली बसवावा लागतो. दिवसभराच्या कामात तळहाताएवढी जागा साफ झाली तरी कुणी हळू काम केलं म्हणत नाही.

दहाव्या लेण्यात अशी सफाई झाल्यावर काळ्या थराखालून आकृत्या बाहेर आल्या, इसवी सनापूर्वीच्या शतकांतल्या.

आता खात्याच्या स्वतःच्या खात्यावर काय जमा आहे तेही सांगायला हवं. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर १९५० च्या दशकात अजिंठा सर्वेक्षणाकडे आला. त्यानंतर काही चित्रांवर पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा हात दिला गेला. सुतारकामातला पांढरा डिंक याच रसायनाचा. तेव्हा ते जगभर आधुनिक मानलं जायचं. त्याच्यावरही धूळ चिकटली, तेही पिवळं पडू लागलं आणि उतरवण्याच्या यादीत आलं. म्हणजे १८७० च्या दशकातलं व्हार्निश, १९२० ची लाख, १९५० नंतरचं प्लास्टिक. प्रत्येक पिढीने आपल्या काळातलं सर्वांत चांगलं द्रव्य विश्वासाने लावलं. मला यात कुणाचा गाढवपणा दिसत नाही. दिसतं ते इतकंच की दीड हजार वर्षांच्या चित्रावर ५० वर्षांचा अनुभव नसलेलं द्रव्य लावणं हा जुगार असतो, आणि द्रव्य जुनं झाल्यावर कसं वागेल हे बघायला प्रयोगशाळेतल्या भट्टीत आठवडाभर तापवून घेतलेली चाचणी तो जुगार थोडाच कमी करते.

एकाच संस्थेचे उपाय जागेगणिक किती उलटे असतात, हे बघायला आग्र्याला जावं. ताजमहालाचा पिवळटपणा घालवायला हीच विज्ञान शाखा १९९४ पासून काही वेळा मुलतानी मातीचा लेप लावत आली आहे. ओला लेप संगमरवरावर थापायचा, वर प्लास्टिकचा कागद, सुकला की झाडून काढायचा आणि शुद्ध पाण्याने धुवायचं. मातीचे बारीक कण धूळ आणि तेलकट काजळी आपल्याकडे ओढून घेतात. संगमरवर हे सोसतो. अजिंठ्यात असा लेप लावला तर लेपाबरोबर चित्रही हातात येईल.

आपल्या किल्ल्यांवर प्रश्न आणखी वेगळा. रायगड, शिवनेरी, दौलताबाद, सिंधुदुर्ग असे काही किल्ले केंद्राच्या सर्वेक्षणाकडे, तर बरेच राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. उत्साही मंडळी दुरुस्तीला सिमेंटची पोती घेऊन निघतात तेव्हा पोटात गोळा येतो. सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी कडक आणि बाष्पाला बंद. भिंतीतलं पाणी सांध्यातून निघू शकलं नाही की दगडातून निघतं आणि जाताना क्षारांनी दगडाचे कपचे उडवतं. चुना मऊ असतो, श्वास घेतो, भेग पडली तर थोडी स्वतः भरूनही काढतो. म्हणून जुन्या रीतीने बेलफळाचा गर, गूळ, उडीद, हिरडा घालून मळलेला चुना दुरुस्तीसाठी पुन्हा केला जातो. चुन्याचा घाणा किल्ल्यांवर जागोजागी पडलेला दिसतो, तो काही शोभेचा नव्हता.

वनस्पतींचा विषय निघालाच आहे तर वेरूळचं सांगतो. सर्वेक्षणातले माजी रसायनज्ञ राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी बाराव्या लेण्यातल्या गिलाव्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि अवरक्त वर्णपटाने तपासले. त्यात भांगेच्या झाडाचे धागे निघाले. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि वर्तमानपत्रांना मथळ्याची सोयच झाली. मुद्दा नशेचा नव्हता. या झाडाचे धागे बळकट आणि टिकाऊ. वेरूळचा गिलावा किड्यांनी फारसा खाल्लेला नाही आणि अजिंठ्याचा, ज्यात हे धागे आढळले नाहीत, तो कसरीसारख्या किड्यांनी पोखरला आहे, असं संशोधकांनी मांडलं. तूस, गवत आणि सरस हे कसरीला मेजवानीच. सगळं श्रेय एका झाडाला द्यायला मी कचरेन. अजिंठा नदीच्या घळीत कोंडलेला, ओलसर; वेरूळ मोकळ्या डोंगरउतारावर. किड्यांना दमट हवा आवडते, हे विसरून चालणार नाही.

त्या दमटपणात आपलाही हात आहे. बंद लेण्यात माणसांच्या गर्दीबरोबर उष्णता, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड येतात. फर्दापूरच्या फाट्यावर स्वतःची गाडी सोडून बसने जावं लागतं, आत दिवे मंद असतात, फ्लॅश चालत नाही, गर्दीच्या दिवशी रांगेत थांबवतात. लोक यावर वैतागतात. खरं तर रसायनांपेक्षा या किरकोळ वाटणाऱ्या बंधनांवर माझा जास्त भरवसा आहे, कारण ती भिंतीला हात न लावता होतात.

सर्वेक्षणाने २०१४ मध्ये संवर्धनाचं राष्ट्रीय धोरण लिहून काढलं, त्यात कमीत कमी हस्तक्षेप आणि केलेलं पुन्हा काढता येणं यांवर भर आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात हे प्रत्यक्षात किती कठीण होतं ते दिसलं होतं. तिथे चोळकालीन चित्रांवर नायक राजवटीतली चित्रं होती. वरचं काढावं तर तेही शेकडो वर्षांचं. शेवटी खात्याच्या तंत्रज्ञांनी वरचा थर अखंड उचलून फायबरग्लासवर चढवला आणि दोन्ही ठेवले.

अजिंठ्यात लाखेला जपून ठेवायचा मोह कुणाला नाही, तरी ती सगळीकडून काढताही येत नाही. काही ठिकाणी मूळ सरस संपलाय आणि रंगाचा पापुद्रा आता केवळ लाखेच्या आधाराने भिंतीला टिकून आहे. तिथे आधी मागून गिलावा पक्का करायचा, मग पुढून लाख सोडवायची, आणि मागे जे भरायचं ते पुढच्या शतकातल्या रसायनज्ञाला सहज उतरवता येईल असंच निवडायचं.