वाट तीच, वेळ वेगळा

लंडनला लेकाकडे राहून परतलेल्या मावशीने जळगावात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "जावाले येळ जास्ती लागस, येवाले कमी. वाट ते तीच शे ना?" प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर आपल्या घरापासूनच शोधू.

जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आणि 75.6 अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ 19.1 आणि 72.9 वर. अक्षांशांतला फरक 1.9 अंशांचा. एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे 211 किलोमीटर. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे रेखांशाचा एक अंश 104 किलोमीटरच भरतो. 2.7 अंशांचे झाले 281. आता शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर येतं सुमारे 350 किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर 420 आहे, कारण रुळांना मनमाड गाठायचं असतं आणि कसाऱ्याचा घाटही उतरायचा असतो.

जळगावला येणारं पंख्याचं एटीआर विमान तासाला सुमारे 500 किलोमीटर वेगाने जातं. हिशेबाने 42 मिनिटं पुरायला हवीत, तरी तिकिटावर तासाहून जास्त वेळ छापलेला असतो. विमानाची चाकं जागची हलल्यापासून ती मुंबईत पुन्हा थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. चढताना वेग कमी असतो, उतरण्याआधीही तो कमी करावा लागतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत आणि आकाशात रांग लागते.

आता मावशीचा प्रश्न. अनेकांना वाटतं, पृथ्वी खालून फिरते म्हणून हा फरक पडतो. तसं असतं तर मोठी मौज झाली असती! आपल्या अक्षांशावर जमीन तासाला सुमारे 1,560 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. जळगावावर नुसतं अधांतरी थांबलं असतं, तरी 11 मिनिटांत मुंबईचं रेखावृत्त पायाखाली आलं असतं. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत असतं.

हवेचा स्वतःचा वाराही असतो, आणि खरी गोम तिथे आहे. पूर आलेल्या तापीत होडी घाला. वल्हं तेवढ्याच जोराने मारलं तरी भुसावळच्या बाजूला चढायला घाम फुटतो आणि सारंगखेड्याकडे ती आपसूक वाहत जाते. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर अशीच वाऱ्याची नदी वाहते, पश्चिमेकडून पूर्वेकडे, कधी कधी तासाला दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने. यालाच जेट प्रवाह म्हणतात. लंडनला जाताना मावशी या पश्चिमी वाऱ्यांच्या विरुद्ध गेली आणि येताना त्यांच्याबरोबर आली. विमानाचा हवेतला वेग दोन्ही वेळा जवळपास सारखाच होता. बदलला तो जमिनीच्या मानाने असलेला वेग.

म्हणून लांबचा रस्ता कधी लवकरही पोहोचवतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 वर गेली. पण वारा पाठीशी होता, आणि ते विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीच्यापेक्षा जवळपास दोन तास लवकर.