राखेचा थर आणि 130 वर्षांचा घोळ

जर्मनीतल्या कोब्लेन्झ शहराजवळ लाखर झे नावाचं एक शांत तळं आहे. काठावर अकराव्या शतकात स्थापन झालेला मठ, भोवती जंगल. हे तळं आहे ते मात्र ज्वालामुखीच्या तोंडात. शेवटचं हिमयुग ओसरत असताना, सुमारे 13 हजार वर्षांपूर्वी, इथे एवढा प्रचंड उद्रेक झाला की त्याची राख एकीकडे स्वीडनच्या गॉटलंड बेटापर्यंत आणि दुसरीकडे उत्तर इटलीपर्यंत पोचली. ऱ्हाईन नदी काही काळ तुंबली. आता प्रश्न असा, की ‘सुमारे 13 हजार’ म्हणजे नेमकं किती?

त्याचं उत्तर दुसऱ्याच एका तळ्याने दिलं. तिथून 50 किलोमीटरवरचं मेरफेल्डर मार. हाही जुना ज्वालामुखीय खड्डाच, पण खोल आणि निवांत. तळाशी प्राणवायू जवळजवळ नाही, त्यामुळे गाळ उकरणारे किडे नाहीत, आणि वरून जे पडतं ते पडल्या जागीच राहतं. वसंतात पाण्यात डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचं पीक येतं. त्यांचे सांगाडे तळाशी जाऊन फिकट थर बसतो. हिवाळ्यात पानांचा चुरा आणि बारीक माती बसून गडद थर होतो. एक फिकट, एक गडद: झालं एक वर्ष. जोडी बहुधा मिलिमीटरभर जाड, कधी त्याहूनही कमी. नळीने उभा गाळ काढायचा, राळेत मुरवून घट्ट करायचा, पातळ काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जोडी मोजत बसायचं. काम किती कंटाळवाणं असेल याची कल्पना करा. पण भूविज्ञानात इतका सरळ हिशेब क्वचितच मिळतो.

या नाजूक रेघांच्या मध्येच लाखर झेच्या राखेचा थर येतो. ही राख चुलीतल्यासारखी नसते. तो दगडाचा आणि काचेचा भुगा असतो. वितळलेला शिलारस हवेत फुटून झटकन थिजला की काचेचे अणकुचीदार कण बनतात. त्यात सिलिका, सोडियम, पोटॅशियम, लोह यांचं प्रमाण किती, हे इलेक्ट्रॉन झोताने एकेका कणावर तपासता येतं. प्रत्येक ज्वालामुखीचं, पुष्कळदा प्रत्येक उद्रेकाचंही, हे प्रमाण वेगळं निघतं. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा, मूठभर कणांचा थरसुद्धा कुठून आला ते सांगता येतं.

तर मेरफेल्डर मारमधल्या मोजणीने उत्तर दिलं: 1950 हे साल शून्य धरलं, तर 12,880 वर्षांपूर्वी. अनिश्चितता 40 वर्षांची. पुस्तकांत हाच आकडा रुजला.

मग 2021 मध्ये झाडांनी साक्ष दिली. उद्रेकाच्या राखेत गाडली जाऊन कोळसा झालेली बर्च आणि पॉपलरची खोडं संशोधकांनी तपासली. त्यांच्या वार्षिक वलयांतला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) स्वित्झर्लंडमधल्या, वय आधीच ठरलेल्या प्राचीन पाइन वृक्षांच्या वलयांशी जुळवला. आकडा आला 13,006, अनिश्चितता फक्त 9 वर्षांची. ऋतूही कळला: शेवटचं वलय अर्धवट होतं, म्हणजे वसंत सरता सरता किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर झाडं मेली.

सव्वाशे वर्षांनी काय बिघडतं, असं वाटेल. बरंच बिघडतं. हिमयुग संपत असताना युरोप एकदम पुन्हा गारठला. या थंडीच्या काळाला यंगर ड्रायस म्हणतात. मेरफेल्डर मारच्या गाळात ही थंडी राखेच्या थरानंतर साधारण 200 जोड्यांनी सुरू होते. ग्रीनलंडच्या बर्फात मात्र तीच थंडी जवळपास 170 वर्षं आधी लागलेली दिसत होती. मध्य युरोपला थंडी उशिरा का पोचली, यावर मग सिद्धांत मांडले गेले. राखेची तारीख मागे सरकली तशी त्या गाळातली थंडीची तारीखही मागे सरकली आणि दोन्हीकडची सुरुवात जवळपास एकाच वेळी येऊन बसली. उशीर फारसा झालाच नव्हता. यात तळं खोटं ठरलं असं मला वाटत नाही. राख ते थंडी हे 200 वर्षांचं अंतर आजही त्या गाळातूनच घेतलं जातं. हजारो वर्षांची सलग मोजणी घसरू शकते; जवळच्या दोन खुणांमधली मोजणी सहसा टिकते.

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. जुन्नरकडे कुकडीकाठच्या बोरी गावात आणि कऱ्हेकाठच्या मोरगावला (होय, मयूरेश्वराच्याच) अशीच राख सापडली आहे, तीही थेट सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची. सोबत अश्मयुगीन दगडी हत्यारं. पण ही राख नदीच्या गाळात आहे. पावसाने ती उतारांवरून धुऊन आणली, पात्रात साठवली, पुन्हा हलवली. खाली-वर मोजायला वार्षिक रेघा नाहीत. शिवाय तोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक झाले आणि त्यांच्या काचेचं रसायन एकमेकांशी बरंच मिळतंजुळतं. त्यामुळे बोरीची राख सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की कित्येक लाख वर्षं जुनी, यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि त्या हत्यारांचं वयही त्याबरोबर खाली-वर होत राहिलं.