पार्श्वभूमी : साखरेच्या घड्याळापासून आंबट गोळीपर्यंत

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरली की गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या बाजारात, पोरांचे डोळे गोळ्यांवर खिळतात. शिट्टी वाजणारी गोळी, अंगठीत बसवलेला लाल खडा, जीभ निळी करणारी, तोंडात तडतडणारी. साखरेला खेळण्याचं रूप देण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आणि पाडव्याची गाठी ही त्यातलीच. जत्रेतला मिठाईवाला तर बांबूच्या टोकाला रंगीत साखरेचा चिवट गोळा गुंडाळून फिरायचा, वर टाळ्या वाजवणारी बाहुली. गोळ्यातून एक पट्टी ओढायची, पीळ द्यायचा आणि पोराच्या मनगटावर गुलाबी घड्याळ! ते चाटण्यात अख्खी दुपार जायची, पण अशी दुपार वर्षातून एखादीच यायची.

रोजची गोळी आणली कारखान्यांनी. १९३२ मध्ये देशी साखरेला आयात शुल्काचं संरक्षण मिळालं आणि कारखाने भराभर उभे राहिले. आपल्या जिल्ह्यातलं माळीनगर त्याच दशकातलं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना काढला आणि पुढे तिथेच गोळ्याही बनू लागल्या. मुंबईत पारले होतंच. लिमलेट, संत्र्याची फोड, पेपरमिंट किराणा दुकानाच्या बरणीत येऊन बसली, आणि सुट्टे नसले की दुकानदार गोळीच हातावर ठेवू लागला.

साखर आणि लिक्विड ग्लुकोज सुमारे १५० अंशांपर्यंत उकळलं की पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरतं. तो पाक थंड होताना त्याचे खडे बनत नाहीत, काचेसारखा कडक थर होतो. पोषण म्हणाल तर जवळपास निव्वळ साखर, ग्रॅममागे चार कॅलरी. चार ग्रॅमच्या गोळीत सोळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोठ्या माणसासाठी वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं. त्यापुढे एक गोळी किरकोळच दिसते, आणि आईबाप इथेच फसतात.

दात ग्रॅम मोजत नाहीत. स्वीडनमधल्या लुंड इथल्या विपेहोल्म या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयात १९४० च्या दशकात रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून दात किडतात का ते पाहिलं. संमती न घेता केलेला हा प्रयोग क्रूर होता, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. त्यातून कळलं ते असं : जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी, पुन्हापुन्हा खाल्लेली आणि दाताला चिकटून राहणारी साखर कितीतरी जास्त कीड लावते. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुळली.

कारण साधं आहे. दातावरच्या थरातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. शिट्टीची किंवा काडीवरची गोळी मुलं वाजवतात, काढतात, पुन्हा तोंडात घालतात. लाळेला उसंतच मिळत नाही.

आंबट गोळीचं प्रकरण आणखी वाईट. तिच्यावरचं सायट्रिक आणि मॅलिक आम्ल जिवाणूंची वाट न पाहता थेट कवचावर काम करतं. ती खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेलं कवच घासलं जातं. पाण्याने चूळ भरायची आणि तासभर थांबायचं. तडतडणाऱ्या गोळीतला वायू मात्र निरुपद्रवी, दाबाखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइड असतो तो. चार वर्षांखालच्या मुलाला मात्र कुठलीच गोल, कडक गोळी देऊ नये, ती थेट श्वासनलिकेत अडकू शकते.

राहिला रंग. रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग, खाण्यात त्याला बंदी आहे. तो सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली. गड्ड्यात सुटा, भडक गुलाबी माल दिसला तर तो टाळा. पाकीटबंद गोळी घेतलीत तर त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव किंवा क्रमांक छापलेला असतो, तो वाचूनच पोराच्या हातात द्या.