एसी १६ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही

एप्रिलच्या उन्हातून बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी आलं की पहिला हात रिमोटकडे जातो आणि एसी थेट १६ वर. "आधी गार होऊ दे, मग वाढवू," हे निपाणीपासून खानापूरपर्यंत ऐकू येतं. ही समजूत चुकीची आहे.

रिमोटवरचा आकडा गारव्याचा वेग ठरवत नाही. कुठे थांबायचं तेवढंच सांगतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो, नाहीतर बंद असतो. म्हणून ३५ अंशांची खोली २४ वर यायला तेवढाच वेळ लागतो, आकडा १६ असो की २४. फरक पुढे पडतो. १६ वर तो थांबायचं नावच घेत नाही आणि मीटर पळत राहतो. इन्व्हर्टर एसीही (ज्याचा कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने चालू शकतो) खोली तापलेली असताना जोरातच चालतो; २४ जवळ आलं की मंदावतो. १६ लावून आपण त्याला मंदावूच देत नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या (बीईई) मते एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २४ वर लावा, सोबत पंखा मंद ठेवा. आणि बेळगावची हवा विसरू नका हो: मे महिन्यातही बऱ्याच रात्री नुसती खिडकी उघडली तरी पुरतं.