हापूसचा स्वाद नाकात कळतो

नाक चिमटीत धरा आणि हापूसची फोड तोंडात टाका. गोड लागेल, किंचित आंबट लागेल, गर मऊ आहे हेही समजेल. पण तो हापूस आहे की पायरी, हे सांगणं फार अवघड जाईल. आता नाक सोडा. श्वास बाहेर पडताच आंबा ओळखू येतो.

जिभेला मोजक्याच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे सुपासारखी भरीव, रुचकर चव. ही पाचवी चव जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून शोधली. पिकलेल्या टोमॅटोतही ती असते. टोकाला गोड, मागे कडू असा जिभेचा नकाशा अनेकांनी पाठ केलाय, पण तो चुकीचा आहे. आणि मिरचीचा तिखटपणा? ती चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंनाच चेतवतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं.

बाकी सगळं वैभव गंधाचं! घास चावताना त्यातले उडनशील रेणू घशामागून वर, नाकाच्या छताशी पोहोचतात. तिथल्या गंधपेशींवर गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. एक रेणू अनेक ग्राहकांना चेतवतो, एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो. कोणकोणते एकदम चेतले यावरून मेंदू वास ओळखतो. त्यामुळेच इतक्या थोड्या ग्राहकांवर असंख्य वास ओळखता येतात. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

सर्दीत जेवण बेचव लागतं ते हा वरचा रस्ता तुंबल्यामुळे. जीभ शाबूत असते. कोविडमध्ये विषाणूने मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर घाला घातला. गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून बहुतेकांचा वास परतला. पण ज्यांचा परतला नाही, त्यांचं दुःख आपण फार हलक्यात घेतो. जेवणातला आनंद तर जातोच, शिवाय गॅसगळतीही कळत नाही.

अशांसाठी जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक साधा सराव मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज दोनदा, बारा आठवडे, लक्ष देऊन घ्यायचे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण अनेकांना येतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून तो जरूर सुरू करावा.