चार गॅलनचा ट्रक

एक गॅलन पेट्रोलमध्ये 33.7 युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे तेच, आपल्या वीजबिलावरचं: एक किलोवॅट-तास. अमेरिकेत पेट्रोलचा पिकअप देऊन विजेचा घेताना जे प्रश्न पडतात, त्यातल्या बहुतेकांची उत्तरं या एका आकड्यातून निघतात.

फोर्डचा एफ-150 लाइटनिंग घेऊ. हा ट्रक 2022 मध्ये ग्राहकांच्या हाती आला. त्याच्या मोठ्या बॅटरीत 131 युनिट मावतात. भागाकार करून पाहा, चार गॅलनसुद्धा भरत नाहीत; म्हणजे पंधरा लिटरच्या आतच. एवढ्या शिदोरीवर तीन टनांचा ट्रक 320 मैल जातो, कारण मोटर जवळजवळ सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते. पेट्रोल इंजिन साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवतं. पण त्याच्याकडे 26 गॅलनची टाकी असते, म्हणजे सुमारे 875 युनिट. त्यामुळे एवढं वाया जाऊनही चाकांसाठी दोनशेच्या वर उरतात. पेट्रोलचा ट्रक उधळ्या, पण गर्भश्रीमंत. विजेचा काटकसरी, पण हातावर पोट असलेला.

ट्रेलर जोडला की हा फरक जाणवतो. ताकदीची अडचण नाही. लाइटनिंग योग्य साहित्यासह 10,000 पौंड, म्हणजे साडेचार टन ओढतो आणि चढावर थांबून पुन्हा निघताना इंजिनपेक्षा सहज निघतो. अडचण हवेची आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून सपाट महामार्गावर ट्रेलरच्या वजनापेक्षा त्याची उंची-रुंदी जास्त खाते. ट्रकच्या आडोशात राहणारी बुटकी होडी परवडते. भिंतीसारखी उभी कॅरव्हॅन पल्ला निम्म्यावर आणते. एव्हरेज पेट्रोलच्या ट्रकचंही असंच पडतं, पण पंप जागोजागी असल्याने कुणी मनावर घेत नाही. विजेच्या ट्रकमध्ये 320 चे 150 मैल झाले की प्रवासाचा आराखडाच बदलतो. शिवाय 80 टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, म्हणून वाटेत 15 ते 80 टक्के एवढंच भरणं शहाणपणाचं, आणि त्यालाही पाऊण तास जातो. मग दोन थांब्यांमधलं खरं अंतर शंभर मैलांच्या आसपास उरतं. त्यात बरीच चार्जिंग स्टेशनं मोटारी समोरून आत घालून उभ्या करण्यासाठी आखलेली. ट्रेलर सोडून बाजूला लावा, चार्ज करा, पुन्हा जोडा. पावसात हे करायची वेळ आली की कंटाळा येणारच. उपाय एकच, वेग कमी करणं: ताशी 70 ऐवजी 60 मैलांनी गेलं तर हवेचा विरोध जवळपास चौथ्या हिश्श्याने घटतो.

घरचं चार्जिंग मात्र सुखाचं, फक्त वायरिंगची चौकशी गाडी घेण्याआधी करावी. भारतात भिंतीवरच्या साध्या प्लगला 230 व्होल्ट मिळतात, अमेरिकेत 120. तिथल्या साध्या प्लगवर लाइटनिंगची मोठी बॅटरी रिकामी ते पूर्ण भरायला चार दिवस लागतील. म्हणून 240 व्होल्टची वेगळी लाइन ओढून घ्यावी लागते. 48 अँपिअरचा चार्जर ताशी साधारण 11 युनिट देतो, रात्रभरात काम होतं. पण त्याला 60 अँपिअरचा ब्रेकर लागतो. ज्या जुन्या घरांचं सगळं पॅनलच 100 अँपिअरचं आहे, तिथे तो बसेल का, हे इलेक्ट्रिशियनने आधी हिशेब मांडून सांगायला हवं.

थंडीतही पल्ला घटतो. इंजिन जी उष्णता वाया घालवतं तिच्यावरच पेट्रोलच्या ट्रकची केबिन फुकट तापते. इथे तीही बॅटरीतूनच काढायची. निघण्याआधी, चार्जरला जोडलेलं असतानाच गाडी गरम करून घेतली तर बरीच बचत होते.

आणि हीच बॅटरी उलट दिशेनेही कामाला येते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लाइटनिंग 9.6 किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देऊ शकतो. बांधकामाच्या जागी करवत चालते, जनरेटरचा धूर नाही, कानठळ्या नाहीत. घराला योग्य जोडणी करून घेतली असेल, तर वादळात तारा तुटल्यावर दिवसाला 30 युनिट वापरणारं घर तीनेक दिवस निघतं.

दिवसाला शंभर मैलांच्या आत फिरणारा आणि रात्री स्वतःच्या अंगणात ट्रक लावणारा सुतार किंवा प्लंबर असेल, तर मी त्याला बेलाशक विजेचा घ्यायला सांगेन. दर शनिवार-रविवारी कॅरव्हॅन घेऊन तीनशे मैल जाणाऱ्याला नाही. फोर्डलाही शेवटी याच गणिताकडे यावं लागलं. निव्वळ बॅटरीवरच्या लाइटनिंगचं उत्पादन थांबवत असल्याचं कंपनीने डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. पुढच्या लाइटनिंगमध्ये चाकं मोटरच फिरवेल, पण बॅटरी भरायला सोबत पेट्रोलवरचं जनरेटर असेल.